स्थलांतरितांचे आरोग्य आणि सार्वजनिक नोंदींचा उपयोग
(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती बाळंतपणे झाली, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, यांचा आढावा वार्षिक सभेत घेण्याची आपली प्रथा आहे. ते तक्ते या अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. आज आम्ही आपला थोडा वेळ मागतो आहोत तो त्या तक्त्यांत ज्यांची नोंद होत नाही किंवा अर्धवट होते, अशा रुग्णांसाठी.

कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन तालुक्यांतील अनेक आदिवासी वाड्यांमधून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्याच तालुक्यांत, खोपोली, रसायनी, नेरळ, चौक या भागांत, परजिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेले मजूर वर्षभर राबत असतात. या दोन्ही प्रकारच्या माणसांना वेळेवर उपचार मिळत नाहीत, याचे कारण डॉक्टरांची किंवा औषधांची टंचाई एवढेच नाही. पुष्कळदा कारण याहून साधे असते: ही माणसे या महिन्यात कोठे आहेत, हे आरोग्ययंत्रणेला ठाऊक नसते. आमचे म्हणणे असे आहे की, हे समजण्यास लागणारी बरीचशी माहिती शासनाच्याच निरनिराळ्या दप्तरांत आजही उपलब्ध आहे. ती महिन्यांच्या क्रमाने एका जागी मांडली गेली, तर आहे त्याच मनुष्यबळात आपण कितीतरी अधिक माणसांपर्यंत पोहोचू शकू.

जाणारे आणि येणारे

महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्र शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून मान्यता दिली आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही जमात येते. खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा त्यांचा मूळ धंदा. त्यावरूनच हे नाव पडले. जंगलावरचा हक्क गेला, कात काढणे संपले, आणि जमीन तर बहुतेकांच्या नावावर कधी नव्हतीच. पावसाळ्यात भातलावणी आणि कापणीची मजुरी, आणि कापणी आटोपली की वीटभट्टी किंवा कोळसाभट्टी, असे वर्षाचे दोन भाग त्यांच्या वाट्याला आले. ठाकर वाड्यांमधूनही काही कुटुंबे याच वाटेने जातात.

भट्टीवरचे काम एकट्या माणसाचे नसते. नवराबायकोची जोडी धरली जाते, आणि मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते. हंगामापूर्वी उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते आणि खरा हिशेब शेवटी होतो. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडून जाणे अवघड. साहजिकच तान्ही मुले, शाळेत जाणारी मुले आणि गरोदर स्त्रियाही भट्टीवरच्या भोंग्यात राहायला येतात. भट्टी कधी पनवेल, पेण, कल्याण, भिवंडीकडची असते, तर कोळशाच्या कामासाठी काही कुटुंबे याहून फार दूर जातात.

येणाऱ्यांची परिस्थिती वेगळी आहे. कारखाने, बांधकामे, शेतघरे आणि रस्त्यांची कामे यांवर आलेल्या माणसांजवळ ओळखपत्र असते, पण ते गावच्या पत्त्याचे असते. आजारी पडल्यावर कोणते दवाखाने सरकारी आहेत, कोणत्या दिवशी लस मिळते, मोफत काय आणि पैशाने काय, हे सांगणारे जवळ कोणी नसते. मुकादमाने बोट दाखवले त्या दवाखान्यात ती जातात आणि तेथे आठवड्याची कमाई देऊन येतात.

या दोन्ही गटांना कायद्याच्या व्याख्येनेही फारसा आधार दिलेला नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता. तो ज्या नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, तिचा अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला. त्या संहितेतही राज्याची सीमा ओलांडण्याची अट कायम आहे. कर्जतचे कुटुंब भिवंडीच्या भट्टीवर गेले, तर घर सुटते, शाळा सुटते, अंगणवाडी सुटते, पण राज्य सुटत नाही. म्हणून कायद्याच्या लेखी ते स्थलांतरित ठरत नाही.

फेब्रुवारीतील शिरगणती

आता नोंदींकडे वळू. आपल्या देशातील सर्वांत मोठी सार्वजनिक नोंद म्हणजे जनगणना. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार २०० होती. त्यांत अनुसूचित जमातींची संख्या सुमारे ३ लाख ५ हजार. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके प्रत्येकी दोन लाखांहून काहीसे अधिक लोकसंख्येचे. हे आकडे आपण सर्वजण वापरतो. परंतु ही मोजणी कधी झाली, हे आपण क्वचितच विचारतो. ती ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. बेघर माणसांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि १ ते ५ मार्च या दिवसांत फेरतपासणी झाली.

फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरापासून दूर असेल, त्याची नोंद तो जेथे सापडेल तेथे करावयाची, असा जनगणनेचा नियम आहे. तो नियम चुकीचा नाही. पण त्याचा परिणाम असा की, वाडीतले कुटुंब भट्टीवर मोजले गेले तर वाडीच्या आकड्यात ते नाही, आणि भोंग्यापर्यंत प्रगणक पोहोचलाच नाही तर ते कोठेच नाही. आणि आरोग्यसेवेची सारी आखणी याच आकड्यांवर उभी असते. आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र आणि २० हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीच्या भागात ५ हजारांस आणि ३० हजारांस, हे निकष आपणांस परिचित आहेत. वर्षात किती गर्भवती अपेक्षित, किती बालके लसीकरणास पात्र, हेही लोकसंख्येवरूनच काढले जाते. फेब्रुवारीत रिकाम्या असलेल्या वाडीला ऑगस्टमध्ये मिळणारी सेवा फेब्रुवारीच्या मापाने शिवलेली असते.

नमुना पाहण्यांची गत याहून फार वेगळी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतराची वेगळी नोंद झाली, ही मोलाची गोष्ट. त्यात कामासाठी महिन्याहून अधिक आणि सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेली माणसे धरली होती. आपल्याकडचे कुटुंब दिवाळीनंतर जाते आणि मृगाच्या सुमारास परतते. म्हणजे ते बरोबर त्या सहा महिन्यांच्या रेषेवर उभे असते. एखाद्या वर्षी पाऊस लवकर आला तर ते व्याख्येत बसेल, उशिरा आला तर बसणार नाही.

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा जाहीर झालेला आहे. म्हणजे हंगाम तोच. आपल्या वाड्यांतील कोणती कुटुंबे त्या वेळी कोणत्या भट्टीवर असतील, हे ग्रामपंचायत, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आपल्यासारख्या संस्था यांनी आधीच संबंधितांच्या निदर्शनास आणून दिले, तर या वेळची मोजणी अधिक खरी होऊ शकेल. ही संधी दहा-पंधरा वर्षांतून एकदाच येते.

हंगाम आणि उपचार यांची गाठ

आकड्यांचा हा प्रश्न प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीत कसा उभा राहतो, याची तीन उदाहरणे देतो. त्यांसाठी कोणाची कहाणी सांगण्याची आवश्यकता नाही. दिनदर्शिका पुढे ठेवली म्हणजे पुरे.

पहिले उदाहरण लसीकरणाचे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाडीत जन्मलेले बाळ धरा. जन्माच्या वेळच्या लसी मिळाल्या. पुढच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर, जानेवारीच्या मध्यावर आणि फेब्रुवारीच्या मध्यावर. तिन्ही वेळा बाळ भट्टीवर आहे. वाडीच्या आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत ते गैरहजर, आणि भट्टीजवळच्या आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत त्याचे नावच नाही. दोघीही आपापले काम चोख करीत आहेत, तरीही बाळ लसीविना राहते.

दुसरे उदाहरण गरोदर मातेचे. ऑक्टोबरमध्ये जिचे तीन महिने पूर्ण झाले, ती एप्रिलमध्ये बाळंत होणार. तिची पहिली तपासणी गावी, पुढच्या सर्व तपासण्या आणि बाळंतपण भट्टीच्या मुक्कामी. रात्री कळा सुरू झाल्या तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. पण पत्ता काय सांगावयाचा? भट्टीला घरक्रमांक नसतो, गल्ली नसते, आणि नव्याने आलेल्या माणसास जवळच्या गावाचे नावही धड ठाऊक नसते. आदल्या तपासणीचे कार्ड गावी राहिलेले असेल, तर रक्तगट, हिमोग्लोबिन, मागील बाळंतपणाची माहिती, यांतले काहीही डॉक्टरांपुढे नसते.

तिसरे उदाहरण क्षयरोगाचे. साध्या क्षयरोगाचा औषधोपचार सहा महिन्यांचा. भट्टीचा हंगामही साधारण तेवढाच. सप्टेंबरात उपचार सुरू झालेला रुग्ण नोव्हेंबरात निघून जातो. दोन महिन्यांत खोकला कमी झालेला असतो, अंगात बळ आलेले असते, आणि गोळ्या संपलेल्या असतात. औषध मध्येच सुटले तर रोग उलटतो आणि साध्या औषधांना दाद देईनासा होण्याचा धोका वाढतो. शिवाय भोंग्यात शेजारी झोपणाऱ्या मुलांना तो जडण्याची भीती असते. क्षयरुग्णांसाठीच्या ‘निक्षय’ या शासकीय प्रणालीत रुग्णाची नोंद एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे पाठविण्याची सोय आहे. म्हणजे यंत्रणा आहे. कोणाकडे पाठवावयाचे, हे जाण्यापूर्वी विचारून घेणारा माणूस मात्र लागतो.

कोणत्या नोंदी कामी येतात

आता ज्या नोंदी आजच सार्वजनिक आहेत, किंवा माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येतात, त्यांचा विचार करू.

पहिली नोंद रेशनची. शिधापत्रिका देशात कोठेही चालावी या योजनेचा आरंभ ऑगस्ट २०१९ मध्ये झाला, तेव्हा पहिल्या चार राज्यांत महाराष्ट्र होता. रेशन दुकानांत अंगठा लावण्याची यंत्रे बसल्यापासून कोणत्या दुकानातून किती कार्डांवर धान्य उचलले गेले, त्यांतील किती कार्डे बाहेरच्या दुकानांची होती, हे दरमहा संकेतस्थळावर पाहता येते. एखाद्या वाडीच्या दुकानातील उचल डिसेंबरात घटते आणि जूनमध्ये पुन्हा वाढते, आणि त्याच काळात दुसऱ्या तालुक्यातील दुकानात बाहेरची कार्डे वाढतात, तर माणसे कोठून कोठे गेली याचा अंदाज घरबसल्या येतो. मागे राहिलेले आईवडील त्याच कार्डावर धान्य उचलतात, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. उचल न घटणे म्हणजे कोणी न जाणे नव्हे.

दुसरी नोंद आरोग्य खात्याची स्वतःची. ऑक्टोबर २००८ पासून देशभरातील आरोग्य केंद्रांची मासिक माहिती एका संकेतस्थळावर एकत्र होऊ लागली. किती गर्भवतींची नोंद झाली, किती बालकांना कोणती लस मिळाली, हे त्यात येते. पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस घेणारी आणि तिसरा डोस घेणारी बालके यांतील फरक वर्षाच्या बेरजेत लहान दिसतो. तोच महिन्यांप्रमाणे मांडला की कोणत्या केंद्राच्या हद्दीतून मुले हंगामात नाहीशी होतात, ते दिसू लागते.

तिसरी नोंद महसूल खात्याची, आणि ती आरोग्याच्या कामासाठी वापरावी असे सहसा कोणास सुचत नाही. वीटभट्टीसाठी माती काढावयाची तर तहसील कार्यालयाची परवानगी लागते आणि किती ब्रास माती काढली त्यावर स्वामित्वधन भरावे लागते. म्हणजे कोणत्या गावच्या हद्दीत कोणत्या वर्षी भट्टी लागणार, याची यादी तहसील कार्यालयात हंगामाच्या आरंभीच तयार असते. मातीचा हिशेब आहे. त्या मातीच्या विटा थापणाऱ्या माणसांचा नाही. ही यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागली, तर फिरत्या पथकाने कोठे जावयाचे हा प्रश्न उरणार नाही. विनापरवाना भट्ट्या या यादीत येणार नाहीत, पण त्या वरून घेतलेल्या छायाचित्रांत दिसतात आणि गावात तर सर्वांना ठाऊकच असतात.

चौथी नोंद महिला व बालविकास खात्याची. अंगणवाडीत नोंदलेल्या गर्भवती, स्तनदा माता आणि बालके यांचे स्थलांतर टिपण्याची संगणकीय पद्धत आपल्या राज्याने २०२१ साली काही जिल्ह्यांत वापरून पाहिली आणि पुढे राज्यभर नेण्याचे ठरविले. यातील नावे गोपनीय राहिली पाहिजेत. परंतु कोणत्या अंगणवाडीतून कोणत्या महिन्यात किती लाभार्थी गेले, ही बेरीज आरोग्य केंद्रास आणि रुग्णालयास मिळण्यास हरकत नसावी. तसेच १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानासाठी विशेष दुर्बल गटांच्या वाड्यांची वस्तीनिहाय पाहणी झाली आहे. फिरते वैद्यकीय पथक हा त्या अभियानाचा एक भाग आहे. त्या पथकाची फेरी जानेवारीत वाडीवर न्यावयाची की भट्टीवर, हे ठरविण्यास वरील नोंदीच उपयोगी पडतील.

मोजण्याने काय साधते

केवळ आकडे गोळा करून रुग्ण बरा होतो काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर आपल्याच राज्याच्या आणि देशाच्या अनुभवात आहे.

२००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव प्रत्यक्ष मोजणी केली आणि सरकारी दप्तरातील बालमृत्यू व खरोखर झालेले बालमृत्यू यांतील मोठे अंतर लोकांपुढे ठेवले. तोपर्यंत जे दुःख घराघरांत विखुरलेले होते, ते शासनाला उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न झाले.

२०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी शासनाने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कुजबुजीच्या रूपात वर्षानुवर्षे चाललेली गोष्ट आकड्यांत आली, आणि मग हंगामापूर्वी व हंगामानंतर आरोग्यतपासणी करावी, अशा उपायांची चर्चा होऊ लागली. वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या भगिनींची अशी मोजणी अद्याप व्हावयाची आहे.

आणि मोजणे अशक्य नाही, हे पोलिओने दाखवून दिले आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. हे साधले, कारण वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ यांच्या वेगळ्या याद्या झाल्या आणि प्रवासात असलेल्या मुलांनाही बसथांब्यांवर व रेल्वे स्थानकांवर डोस पाजण्यात आला. जे दोन थेंबांसाठी झाले, ते गरोदर मातेच्या तपासणीसाठी का होऊ नये?

याच्या उलट अनुभव २०२० च्या टाळेबंदीत आला. शासनाच्या आकड्यांप्रमाणे एक कोटीहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. परंतु वाटेत किती जण दगावले, याविषयी माहिती उपलब्ध नसल्याचे उत्तर त्या वर्षी सप्टेंबरात लोकसभेत देण्यात आले. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली.

मर्यादा आणि पथ्ये

या नोंदी वापरताना काही पथ्ये पाळावीच लागतील.

यादी असणे आणि त्या दिवशी कोण कोठे आहे हे ठाऊक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीची लोकसंख्या २२८ अशी नोंद होती. पण काही मुले आश्रमशाळेत होती, काही माणसे वाडीबाहेर होती. त्या रात्री वाडीत नेमके कितीजण होते, हे नावानिशी जुळविण्यासच मौल्यवान वेळ लागला. त्या कुटुंबांचे दुःख आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. यादीबरोबर महिना आणि ठिकाण जोडलेले असावे, असे आम्ही म्हणतो त्यामागे ही घटनाही आहे.

दुसरे पथ्य गोपनीयतेचे. आम्हांस हवी आहे ती संख्या, नावांची जाहीर यादी नव्हे. चार घरांच्या वाडीत एक क्षयरुग्ण, एवढे छापणे म्हणजे त्याचे नाव छापण्यासारखेच आहे. कोण कोठल्या भट्टीवर आहे ही यादी उचल देणाऱ्याच्या हाती पडली, तर आरोग्यासाठी केलेली नोंद माणसाला बांधून ठेवण्यासाठी वापरली जाईल. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली असली, तरी उचलीचे ओझे अजून उतरलेले नाही. म्हणून रुग्णाच्या संमतीविना त्याच्या ठावठिकाण्याची माहिती रुग्णालयाबाहेर कोणालाही देऊ नये, आणि मुकादमास तर मुळीच देऊ नये, असा नियम आम्ही लिहून ठेवणार आहोत.

रुग्णालयाने काय करावे

सारे काही शासनाने करावे, असे आम्ही म्हणत नाही. धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावरही बंधन आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी लागते. राज्याच्या जनआरोग्य योजनेचेही तसेच. राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी ती ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. योजना आहेत, खाटा आहेत. पण ज्याचा कागद गावी पेटीत राहिला, त्याला त्या आहेत हे सांगून उपयोग काय?

म्हणून येत्या हंगामापासून पुढील गोष्टी करण्याचा आमचा मानस आहे.

एक, केसपेपरवर पत्त्याचा एकच रकाना न ठेवता पावसाळ्यातील पत्ता आणि हंगामातील पत्ता असे दोन रकाने ठेवावेत. परराज्यातून आलेल्या रुग्णासाठी गावचा आणि येथील मुक्कामाचा, असे तेच दोन रकाने चालतील.

दोन, दिवाळीपूर्वी वाड्यांवर शिबिरे घ्यावीत. त्यांत गर्भवतींची तपासणी, बालकांचे लसीकरण, जुनाट खोकला असणाऱ्यांची थुंकीतपासणी आणि कागदपत्रांची पाहणी व्हावी. माता व बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद आणि शिधापत्रिकेची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बरोबर द्यावी.

तीन, गर्भवती आणि क्षयरुग्ण ज्या ठिकाणी जाणार तेथील आरोग्य केंद्रास, रुग्णाच्या संमतीने, ते पोहोचण्याच्या आत कळवावे. आणि त्या केंद्राचा दूरध्वनी व जवळच्या गावाचे नाव मोठ्या अक्षरांत कार्डावर लिहून द्यावे.

चार, आठवडी बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळी उशिरापर्यंत चालू ठेवावा. खर्ची मिळते आणि माणसे भट्टीवरून, बांधकामावरून बाहेर पडतात ती त्याच दिवशी. इतर दिवशी आमचा विभाग उघडा असला, तरी त्यांच्यासाठी तो बंद असल्यासारखाच असतो.

पाच, रेशन, लसीकरण आणि वीटभट्टी परवाने यांची तालुक्याची मासिक माहिती एका तक्त्यात मांडून ती कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये, दोन्ही तालुक्यांचे आरोग्य अधिकारी आणि पेणचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प यांना विनामूल्य पाठवावी. तक्ता त्यांच्याच आकड्यांचा असेल. आम्ही फक्त तो महिन्यांच्या क्रमाने लावू.

देणगीदार बंधुभगिनींना एक विनंती

आपल्या औदार्यावर हे रुग्णालय उभे आहे. यंत्रे आली, खाटा आल्या, नवी इमारत आली. प्रत्येकावर आपल्या आईवडिलांच्या स्मृतीची पाटी आहे आणि ती आम्हांस प्रिय आहे. या वर्षी आम्ही जे मागत आहोत त्यावर पाटी लावता येणार नाही. आम्हांस एक नोंदणी साहाय्यक हवा आहे. संगणक हाताळणारा, दोन्ही तालुक्यांतील वाड्या पायाखाली घालणारा, कातकरी बोली समजणारा आणि हिंदीत बोलू शकणारा. शक्य झाले तर तो किंवा ती याच वाड्यांमधील शिकलेली मुलगी असावी. तिचे तीन वर्षांचे वेतन आणि प्रवासखर्च एवढीच ही मागणी आहे. एक हंगाम माहिती जुळविण्यात जाईल, दुसऱ्या हंगामात ती कामी येईल आणि तिसऱ्या हंगामात तिचा उपयोग झाला की नाही, हे आम्ही याच अहवालात आकड्यांसह आपणांपुढे ठेवू.

विश्वस्तांना विनंती अशी की, दरवर्षीच्या अहवालात वर्षाच्या एकूण बेरजेबरोबर रुग्णांची मासिक बेरीजही छापावी. कोणत्या वाड्यांचे रुग्ण नोव्हेंबरनंतर यावयाचे थांबतात, हे आपल्याच तक्त्यांत दिसेल.

आणि रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगावयाचे आहे की, केसपेपर काढताना आमचा कर्मचारी दोन पत्ते विचारील. ती चौकशी पोलिसी नाही, मालकाला कळविण्यासाठी नाही. आपले माणूस जानेवारीत ज्या ठिकाणी असेल त्या ठिकाणी त्याचे औषध पोहोचावे, एवढ्यासाठीच ती आहे.